इंडक्शन शेगडीची दुरुस्ती: आयजीबीटी बदलून लगेच प्लग लावू नका

शेगडी उघडली, फ्यूज उडालेला आणि आयजीबीटी (कॉइलचा करंट झपाट्याने चालू-बंद करणारा पॉवर ट्रान्झिस्टर) शॉर्ट. दोन्ही नवे टाकले, प्लग लावला, ‘फट्’ असा आवाज झाला आणि नवा आयजीबीटीही गेला. इंडक्शन शेगडीच्या दुरुस्तीत सर्वाधिक पैसे याच चुकीपायी वाया जातात. आयजीबीटी आपणहून क्वचितच जातो. त्याला मारणारा भाग बोर्डावरच असतो, आणि आधी तो शोधायचा असतो.

त्याआधी जिवाची काळजी. या बोर्डात मेन लाइन आणि सर्किट यांच्यामध्ये आडपडदा नसतो. पाच व्होल्टच्या बटणांच्या भागालाही करंट लागू शकतो. पुष्कळ बोर्डांवर आयजीबीटीची धातूची पाठ थेट हीटसिंकला टेकलेली असते, म्हणजे प्लग लावलेला असताना हीटसिंकही ‘जिवंत’च. प्लग काढल्यावर मोठ्या कपॅसिटरच्या पायांवरचं व्होल्टेज मीटरने शून्याजवळ आल्याचं बघा, मगच हात घाला. स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून ठिणगी पाडू नका.

आता मारेकरी कोण? पहिला संशय कॉइलला जोडलेल्या रेझोनन्स कपॅसिटरवर घ्या. बहुतेक शेगड्यांत तो ०.२७ किंवा ०.३ मायक्रोफॅरड, १२०० व्होल्ट डीसीचा असतो. उष्णतेने त्याची किंमत उतरते. ती उतरली की कॉइलमधल्या तेवढ्याच करंटला आयजीबीटीवरचं व्होल्टेज जास्त उसळतं आणि १२०० व्होल्टची मर्यादा ओलांडली जाते. वरून कपॅसिटर फुगलेला दिसेलच असं नाही. बोर्डातून काढून कपॅसिटन्स मीटरवर मोजा. ०.३ चा ०.२४ दाखवत असेल तर बदला. नवा आणताना किंमत आणि व्होल्टेज तेच हवं, शिवाय तो इंडक्शनसाठीचाच पॉलिप्रोपिलीनचा हवा. पंख्याचा किंवा दुसरा कुठलाही कपॅसिटर इथे चालत नाही.

दुसरा संशय गेटच्या, म्हणजे आयजीबीटीला चालू-बंद करणाऱ्या पायाच्या, ड्रायव्हरवर. बऱ्याच बोर्डांत ८०५० आणि ८५५० ट्रान्झिस्टरची जोडी असते, काहींत एकच आयसी. आयजीबीटी शॉर्ट होताना बसलेला धक्का गेटमधून मागे येतो आणि ही जोडीही जाते. मग गेटवर सतत १८ व्होल्ट उभे राहतात आणि नवा आयजीबीटी चालू होताक्षणी बळी पडतो.

म्हणून जुना आयजीबीटी काढल्यावर लगेच नवा बसवू नका. ब्रिज (एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर) शॉर्ट असेल तर तो आणि उडालेला फ्यूज बदला. आयजीबीटीची जागा रिकामीच ठेवून १०० वॅटच्या साध्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमध्ये बोर्ड लावा. एलईडी बल्ब या कामाचा नाही. मीटरची काळी पिन ब्रिजच्या निगेटिव्हला धरा, अर्थिंगला नाही. ब्रिजनंतर ३०० ते ३२५ व्होल्ट, पंख्याच्या लाइनवर बहुधा १८, कंट्रोलला ५ आणि स्टँडबायला गेटवर जवळपास शून्य व्होल्ट मिळायला हवेत. हे चारही आकडे जुळले तरच नवा आयजीबीटी बसवा आणि पुन्हा सिरीज बल्बवरच भांडं न ठेवता चालू करा. शेगडी भांडं शोधते तेव्हा बल्ब लुकलुकला तर चालेल. तो भरभरून पेटून राहिला तर लगेच बंद करा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार तर कधीच गुंडाळू नका. अशाने पुढच्या शॉर्टला बोर्डावरचे ट्रॅक उडतात.

शेगडी चालू होते, टुक टुक वाजते, पण भांडं ओळखत नाही, अशी तक्रार असेल तर आधी भांड्याच्या बुडाला लोहचुंबक लावून बघा. चुंबक चिकटतो आणि बूड बऱ्यापैकी रुंद आहे, तरी ओळखत नसेल तर दोष बोर्डात. इथे सगळे आयसीच्या मागे लागतात. पण कॉइलच्या दोन्ही टोकांकडून कंपॅरेटरकडे (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या आयसीकडे), म्हणजे बहुतेक एलएम३३९ कडे, जाणारे काहीशे किलोओहमचे रेझिस्टर आधी मोजा. त्यांचे रंगाचे पट्टे ठणठणीत दिसतात आणि आतून ते ओपन झालेले असतात. एक पाय उचलून मोजल्याशिवाय ते सापडत नाहीत.

एरर कोड बघून थेट पार्ट आणायला जाऊ नका. एका कंपनीचा ई३ म्हणजे दुसऱ्या कंपनीचाही ई३ नव्हे. त्याच मॉडेलच्या पुस्तिकेतला तक्ता बघा. कोड सेन्सरचा निघाला तर कॉइलच्या मधोमध असलेला काचेचा इवलासा एनटीसी, म्हणजे तापला की रेझिस्टन्स उतरणारा सेन्सर, तपासा. तो बहुधा १०० किलोओहमचा असतो, २५ अंशांना. दोन बोटांत धरला की आकडा सावकाश उतरायला हवा. जागचा हललाच नाही किंवा उड्या मारू लागला तर बदला. सेन्सर चांगला असूनही त्यावरची पांढरी पेस्ट सुकून भुकटी झाली असेल, तर काचेची उष्णता त्याला उशिरा कळते आणि दूध करपून जातं. अशा वेळी ताजी पेस्ट लावली की पुरे.

कमी व्होल्टेजचा कोड शेगडी फुल पॉवरवर गेल्यावरच येत असेल तर बोर्ड उघडण्याआधी प्लग हाताळून बघा. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर ओढते. ती ६ अँपिअरच्या सॉकेटवर अडॅप्टर लावून चालवली की पिना तापतात, काळ्या पडतात आणि व्होल्टेज तिथेच मार खातं. तिला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच द्या.

बटणं आपोआप दाबली जाणं हे फोडणीच्या तेलकट वाफेचं आणि झुरळांचं काम. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळवा. तरी फरक पडला नाही तर बटणांखालचा एकेक टॅक्ट स्विच सोडवून मोजा. न दाबता काही किलोओहम दाखवणारा स्विच गळका समजा आणि बदला.

दुरुस्त झालेली शेगडी परत देताना घरच्यांना एक गोष्ट जरूर सांगा: स्वयंपाक झाला की प्लग लगेच ओढू नका. आतला पंखा आपण होऊन थांबेपर्यंत मेन स्विच चालूच ठेवा, म्हणजे तापलेला हीटसिंक थंड होईल. आणि वरची काच तडकली असेल तर ती बदलेपर्यंत शेगडी अजिबात वापरू नका. उतू गेलेलं पाणी त्या फटीतून थेट कॉइलवर आणि बोर्डावर उतरतं.