रनिंग गेम समजून घ्यायचा तर नजर क्वार्टरबॅकवर ठेवा

गोव्यात फुटबॉल म्हटलं की डोळ्यांपुढे फातोर्डा येतं. अमेरिकेतल्या विद्यापीठांचा फुटबॉल हा निराळाच खेळ. सप्टेंबर-ऑक्टोबरात शनिवारी रात्री साडेनऊला आपण टीव्ही लावतो, तेव्हा तिथल्या पूर्व भागात दुपारचे बारा वाजलेले असतात आणि पहिले सामने सुरू होतात. (नोव्हेंबरात तिथली घड्याळं मागे गेली की आपल्याकडे साडेदहा.) नव्याने बघणाऱ्याची नजर चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकवर खिळते. पण त्याला वाट मिळणार की नाही, हे बरंचसं क्वार्टरबॅक (चेंडू हातात घेऊन तो रनिंग बॅकला देणारा किंवा पास टाकणारा खेळाडू) कोणत्या धाटणीचा आहे यावर ठरतं.

आधी मोजायला शिका. चेंडू मागे क्वार्टरबॅककडे येण्याआधी बचावाचे किती खेळाडू आक्रमणाच्या लाइनसमोर, म्हणजे पुढे ओळीने उभ्या अडवणाऱ्यांसमोर, दाटीने उभे आहेत ते बघा. या जागेला बॉक्स म्हणतात. आक्रमणाकडे लाइनचे पाच आणि त्यांच्या टोकाला उभा एक टाइट एंड, असे अडवणारे सहा. बॉक्समध्ये सात दिसले तर एक जण मोकळा उरतो आणि तोच रनिंग बॅकला पाडतो. क्वार्टरबॅक चेंडू देऊन नुसता उभा राहणारा असेल, तर बचावाला त्याच्यावर माणूस खर्च करावा लागत नाही. म्हणून खरा प्रश्न एवढाच: या सातव्याचं काय करायचं?

एक उपाय म्हणजे त्याला पासच्या भीतीने मागे ओढायचं. २०१९ च्या एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) संघात क्वार्टरबॅक जो बरोने ५,६७१ यार्डांचे पास टाकले, ६० टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेघेपलीकडे नेणं) पास दिले. त्याच मोसमात त्याच संघाचा रनिंग बॅक क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर १,४१४ यार्ड धावला. असा पासर समोर असताना बॉक्समध्ये माणसं कोंबली, तर मागचं मैदान उघडं पडतं.

दुसरा उपाय त्या माणसाला जागेवरच अडकवण्याचा, आणि बघायला जास्त मजा यातच. लुइव्हिल विद्यापीठाचा क्वार्टरबॅक लामार जॅक्सन २०१६ मध्ये स्वतःच १,५७१ यार्ड धावला, २१ टचडाउन केले. असा क्वार्टरबॅक असेल तर 'झोन रीड' खेळतात. रनिंग बॅक साधारणपणे ज्या बाजूला उभा असतो, त्या बाजूच्या डिफेन्सिव्ह एंडला (बचावाच्या पुढच्या ओळीतला टोकाचा खेळाडू) मुद्दाम कुणीच अडवत नाही. तो रनिंग बॅकच्या मागे आत धावला, तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून त्याने सोडलेल्या जागेतून पळतो. एंड जागेवर थांबला, तर चेंडू रनिंग बॅकला. आपल्याकडे विंगर चेंडू पायाशी धरतो, फुलबॅक बाहेरून ओव्हरलॅप करतो आणि बचावपटू दोघांच्या मधे लटकतो, तसंच हे. त्याला हातही न लावता खेळातून बाद केलेलं असतं.

हे हातात बसवायचं असेल तर ओहोटीला मिरामारच्या ओल्या वाळूवर तिघे पुरतात. रग्बीचा चेंडू घ्या, साधा फुटबॉल पोटाशी नीट बसत नाही. वाळूत एक रेघ ओढा, क्वार्टरबॅक तिच्यामागे साडेचार मीटरवर, रनिंग बॅक त्याच्या उजवीकडे. उजव्या टोकाला रेघेपलीकडे एंड. रनिंग बॅक क्वार्टरबॅकच्या पुढून डावीकडे जातो, क्वार्टरबॅककडच्या हाताचं कोपर वर, दुसरा हात पोटाखाली. क्वार्टरबॅकने दोन्ही हातांनी चेंडू त्याच्या पोटाशी धरून थोडं सोबत सरकायचं, पण डोळे एंडच्या खांद्यांवर. खांदे आत वळले की चेंडू ओढून घ्यायचा. रनिंग बॅकने चेंडू मिळेपर्यंत घट्ट आवळू नये. दोघांनी एकाच वेळी ओढला की चेंडू सुटलाच. सामन्यातही या खेळीचे फंबल बहुधा इथेच होतात. शिवाय निर्णय चेंडू रनिंग बॅकच्या पोटापुढे जायच्या आत व्हायला हवा.

बचावाचं उत्तरही ओळखायला शिका. कधी एंड मुद्दाम आत धावतो आणि लाइनबॅकर (बचावाच्या पुढच्या ओळीमागे उभा खेळाडू) त्याच्या मागून वळसा घेऊन बाहेर येतो. क्वार्टरबॅकला वाटतं बाहेर मोकळं आहे, तो चेंडू ठेवतो आणि थेट लाइनबॅकरच्या अंगावर जातो. एंडला बघून घेतलेला निर्णय (रीड) बरोबर असूनही खेळी फसली, तर पुन्हा दाखवताना त्या लाइनबॅकरकडे बघा.

पाय साधे पण हात झटपट असलेल्या क्वार्टरबॅकसाठी आरपीओ (रन-पास ऑप्शन, म्हणजे धाव की पास ते ऐन वेळी ठरवणं) असते: लाइनबॅकर धाव रोखायला पुढे आला की त्याच्या मागे छोटा पास. कॉलेजच्या नियमात पास टाकताना लाइनमनला तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येतं, व्यावसायिक एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे कॉलेजमध्ये ही खेळी जास्त फुलते.

आकडे वाचताना मात्र सावध. कॉलेजमध्ये सॅकचे (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडण्याचे) गमावलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात. समजा क्वार्टरबॅक आठ वेळा धावून ६० यार्ड मिळवतो आणि चार सॅकमध्ये ३० गमावतो. कागदावर दिसतं १२ वेळा धावला, ३० यार्ड, सरासरी अडीच. प्रत्यक्षात त्याच्या धावण्याची सरासरी साडेसात आहे, आणि समोरचा एंड त्या साडेसातलाच घाबरून जागेवर थांबलेला असतो.