संस्थेच्या गाडीची फीमाफी: या चुका टाळा

आमच्या संस्थेने सातपुड्यातल्या पाड्यांसाठी अॅम्ब्युलन्स घेतली, तेव्हा शोरूमवाल्याने विचारलं, बिल कोणाच्या नावाने काढू? अध्यक्ष म्हणाले, "माझ्याच नावाने काढ, पटकन होईल." पटकन झालंही. फी आणि टॅक्सच्या माफीचा अर्ज घेऊन आरटीओत गेलो तर खिडकीवरच्या माणसाने कागद उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, हाई गाडी ट्रस्टनी नही शे, तुमनी शे." चूक आमचीच होती. बिल, विमा, आरसी (गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र), तिन्हींवर नाव संस्थेचंच हवं, आणि तेही धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीत आहे अगदी तसंच. नोंदीत 'सार्वजनिक वाचनालय व सेवा मंडळ' असेल आणि बिलावर नुसतं 'सेवा मंडळ', तर तेवढ्यानेही अर्ज परत येतो.

दुसरा गोंधळ म्हणजे फी आणि टॅक्स एकच समजणं. नोंदणी फीची माफी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २११ खाली येते. जनहितासाठी राज्य सरकार आदेश काढून एखाद्या वर्गाला फी पूर्ण किंवा काही अंशी माफ करू शकतं. रोड टॅक्सचा कायदा वेगळा, महाराष्ट्राचा १९५८ चा, आणि त्यातली सूट कलम १३ च्या अधिसूचनेवर चालते. हलक्या परिवहन गाडीची नोंदणी फी १००० रुपये, म्हणजे नुसत्या फीच्या माफीने फारसा पैसा वाचत नाही. अर्जात नुसतं 'सर्व शुल्क माफ करावे' असं मोघम लिहू नका. कोणती माफी, कोणत्या आदेशाखाली, ते क्रमांकासह लिहा. आदेशाची प्रत आधी मिळवून वाचा, एजंटच्या तोंडी ऐकू नका. आदेश आपल्या प्रकारच्या गाडीला लागूच नसेल, तर ट्रस्ट कितीही जुना असो, उपयोग नाही.

अॅम्ब्युलन्स आणि शववाहिकेला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही, म्हणून काही जण बाकी सगळंही माफ धरतात. फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याची तपासणी, सुटत नाही. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

८०जीचं प्रमाणपत्र अर्जाला लावणारेही भेटतात. ते देणगीदाराच्या आयकरासाठी असतं, आरटीओला त्याचं काय?

सही कोणाची, हे तर फार कमी जण बघतात. विश्वस्त बदलले पण सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज केलाच नाही, तर शेड्यूल-१ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीवर, जुनीच नावं राहतात. मग नव्या सचिवाने केलेल्या सहीला कोण मान देणार? गाडी बुक करण्याआधी धर्मादाय कार्यालयातून ताजा उतारा काढून घ्या.

खान्देशात आणखी एक भानगड. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरकडचा कोणी भला माणूस वापरलेली गाडी दान करतो. तिथली करमाफी सीमा ओलांडून रावेरला येत नाही. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आणा. बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी इथे ठेवायची तर एमएच-१९ (जळगाव) किंवा १८ (धुळे) चा नवा नंबर घ्या, आणि माफी हवी असेल तर इथल्या आदेशावर नव्याने मागा.

शोरूमवाले पासिंगच्या (नोंदणीच्या) वेळी 'वाहन' या सरकारी पोर्टलवर फी आणि टॅक्स भरून मोकळे होतात. एकदा भरलं की परताव्याचा अर्ज वेगळा आणि चकरा वेगळ्या. म्हणून बुकिंगच्या पावतीवरच लिहून घ्या: माफीचा निर्णय येईपर्यंत टॅक्स भरू नये.