वाईट दिवसाचा हिशोब धरून कुत्रा पाळा: ऑटिस्टिक मोठ्यांसाठी

मी ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न आहे. कुत्रा आणायच्या आधी मी स्वतःला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते, की ज्या दिवशी मला अंथरुणातून उठवत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही आणि खिडकीतला उजेडसुद्धा डोक्यात घुसतो, त्या दिवशी ह्याला बाहेर कोण नेणार आणि खायला कोण घालणार. चांगल्या दिवशी सगळं जमतं हो. हिशोब वाईट दिवसाचा धरायचा, आणि खाली जे सांगतेय ते सगळं त्याच हिशोबाने.

मी सोबतीच्या कुत्र्याबद्दल बोलतेय, असिस्टन्स डॉगबद्दल नाही. असिस्टन्स डॉगला ठरावीक कामं शिकवलेली असतात आणि बऱ्याच देशांत त्याला दुकानात, बसमध्ये न्यायचा कायदेशीर हक्क असतो, सोबतीच्या कुत्र्याला सहसा तो नसतो, तेव्हा 'कुत्रा असला की मी गर्दीत जाऊ शकेन' एवढ्याच आशेवर निर्णय घेऊ नका.

पिल्लू आणायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण पिल्लू रात्री दोन-तीनदा उठवतं, हाताला चावतं, कुठेही शू करतं, आणि झोप मोडली की आपलं काय होतं ते आपल्याला माहितीये. माझं मत सरळ आहे, स्वभाव कळलेला दोन-तीन वर्षांचा किंवा त्याहून मोठा कुत्रा बघा. बीगलचा आवाज खणखणीत असतो, लॅब्राडॉरचे केस वर्षभर गळतात, पूडलचे कमी गळतात पण ग्रूमिंग सारखं लागतं, ग्रेहाउंड घरात बराच वेळ झोपून काढतो. अर्थात जातीपेक्षा समोरचा कुत्रा महत्त्वाचा, म्हणून एका भेटीत ठरवू नका, तीन-चारदा जाऊन बसा, त्याला भुंकताना ऐका, हात चाटू द्या, जमलं तर ओल्या अंगाचा वास घ्या, आणि घरी आल्यावर अंगाला कसं वाटतंय ते लिहून ठेवा. तिथे बसल्या बसल्या आपण मास्किंग करत असतो, म्हणजे त्रास लपवून सगळं ठीक असल्यासारखं वागत असतो, खरं उत्तर घरी आल्यावर कळतं.

आवाजाचं काय करायचं? माझे हेडफोन पट्ट्याच्याच खुंटीला टांगलेले असतात, शोधावे लागत नाहीत. चाटणं मला अजिबात सहन होत नाही, नुसतं 'नको' म्हणून कुत्र्याला काही कळत नाही, म्हणून त्याला दुसरं काहीतरी शिकवलं: तळहात पुढे केला की नाक टेकवायचं, टेकवलं की खाऊ. आता टिपू, म्हणजे माझा कुत्रा, माझ्याकडे प्रेमाने आला की नाकच टेकवतो, गार ओला ठिपका लागतो तळहाताला आणि संपतं, तेवढं मला चालतं. केस विंचरायचं काम घराबाहेर, हातमोजे घालून.

आता रूटीन. आपल्याला रूटीन लागतं, कुत्र्यालाही आवडतं, त्यामुळे जोडी छान जमते असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे, पण ह्यात एक खाच आहे जी मला सहा महिन्यांनी कळली. मी रोज बरोब्बर ७ वाजता जेवण द्यायचे, तर टिपू पावणेसातपासून भुंकायला लागला आणि एखाद्या दिवशी उशीर झाला की आम्ही दोघंही पार कोलमडायचो. मग मी वेळ सोडली आणि क्रम धरला. पट्टा, बाहेर, पाय पुसणं, पाणी, जेवण. क्रम कधीच बदलत नाही, घड्याळ मात्र अर्धा-पाऊण तास पुढेमागे मुद्दाम करते. फ्रिजवर ह्याच क्रमाची चित्रं चुंबकाने लावलीत, झालं की चुंबक उजवीकडे सरकवायचा, म्हणजे 'मी जेवण दिलं का?' हा प्रश्नच उरत नाही. मला स्वतःची भूक-तहान वेळेवर कळत नाही, म्हणून त्याचं पाणी भरलं की शेजारच्या ग्लासातलं मी प्यायचं हेही त्याच क्रमात टाकलंय.

वाईट दिवसासाठी एक डबा तयार ठेवा, शांत डोक्याने, आधीच. माझ्या डब्यात तीन दिवसांचं कोरडं खाणं मोजून वेगवेगळ्या पिशव्यांत आहे, चघळायच्या दोन वस्तू आहेत आणि एक जुना टॉवेल. टॉवेलमध्ये खाणं पसरून गुंडाळी करून दिली की तो पंधरा-वीस मिनिटं हुंगत बसतो, आणि हुंगण्याने कुत्रा छान दमतो. त्या दिवशी फक्त दारापर्यंत जायचं, शी-शू झाली की परत. एक दिवस लांब फिरणं हुकलं म्हणून काही बिघडत नाही, त्याचा अपराधीपणा बाळगू नका. पण हे सलग चार-पाच दिवस चाललं तर दुसऱ्या कुणीतरी फिरवायला हवं, आणि ते कोण हे आधीच ठरलेलं हवं, किल्लीसकट.

शिकवणं हा माझा सगळ्यात आवडता भाग. कुत्रे हाताच्या खुणा शब्दांपेक्षाही चटकन पकडतात, तर प्रत्येक आज्ञा खुणेनेच शिकवा, शब्द नंतर जोडा. शटडाउनमध्ये, म्हणजे सगळं असह्य होऊन मी आतून बंद पडते तेव्हा, माझी वाचा जाते, तरी तळहात खाली केला की टिपू बसतो, मांडीवर दोनदा थापटलं की डोकं ठेवून पडून राहतो, आणि तो दाब अंगात उतरत जातो तसा माझा श्वास जागेवर येतो. शाबासकीसाठी क्लिकर (दाबलं की 'क्लिक' वाजणारी छोटी डबी) चांगला, कारण माझा आवाज सपाट आहे आणि कुत्र्याला उत्साही सूर लागतो असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं, पण क्लिकचा आवाज रोज सारखाच, त्याला सूर लागत नाही. क्लिक कानाला टोचत असेल तर जिभेने 'टॉक' करा. आणि डोळ्यांत डोळे घालायची इथे सक्ती नाही, कुत्र्यांनाही रोखून बघणं बऱ्याचदा धमकी वाटतं, शेजारी शेजारी बसून एकाच दिशेला बघितलेलं दोघांनाही बरं वाटतं.

मेल्टडाउनबद्दल, म्हणजे ताण असह्य होऊन आपला ताबा सुटतो त्याबद्दल, मात्र नीट ऐका. कुत्रा औषध नाहीये. त्याला निघून जायला वाट हवी, दार उघडं, आणि त्याची स्वतःची एक जागा, जिथे त्याच्यामागे कुणीच जायचं नाही. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान वळवणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं ह्याचा अर्थ बऱ्याचदा तो ताणात आहे. चेहरे वाचता येत नाहीत म्हणून घाबरू नका, ही यादी पाठ होते. डोकं आपटलं जातं, वस्तू फेकल्या जातात असं होत असेल तर आधी त्याला दुसऱ्या खोलीत सोडायची सवय दोघांनाही लावा.

आपल्या घरातले काही धोके नेहमीच्या याद्यांत सापडत नाहीत. चघळायला शुगरफ्री गम ठेवत असाल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असू शकतं, ते कुत्र्याला अगदी थोड्या प्रमाणातही विषारी. उशाशी ठेवलेलं चॉकलेट, मनुका, द्राक्षं, तीही तशीच. सिलिकॉनची स्टिम खेळणी (मन शांत ठेवायला आपण हातात चाळवतो किंवा चघळतो ती) तो गिळतो, जड ब्लँकेट फाडलं तर आतले मणी पोटात जातात. सगळं झाकणाच्या डब्यात, उंचावर.

बाहेर लोक थांबून बोलतात, ते टळत नाही. प्रश्न मात्र तेच तेच असतात, नाव काय, वय किती, चावतो का, त्यांची तीन उत्तरं पाठ करून ठेवा. बोलायचं नसेल तर 'आम्ही ट्रेनिंग करतोय' म्हणून चालत राहा, हे वाक्य कुणाला लागत नाही.

प्राण्यांच्या डॉक्टरकडे दिवसातली पहिली वेळ मागा, आणि आत गर्दी असेल तर बाहेर थांबू द्या असं आधी मेसेजवर कळवा. एकदा एका दवाखान्यात मला प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि मी गप्प झाले, तेव्हापासून सगळं कागदावर नेते, लंगडतो-खोकतो त्याचा व्हिडिओही. आठवड्यातून एकदा हिरड्यांचा रंग, खाणं, पाणी, शी आणि चाल बघून लिहून ठेवते, कारण दुखणं कुत्रे लपवतात आणि मला बारीक बदल आपोआप जाणवत नाहीत. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा जास्त, म्हणून हाताला गरम लागला की लगेच घाबरायचं नाही, थर्मामीटर लावायचा.

शेवटचं काम आजच करा. पाकिटात एक चिठ्ठी: मी ऑटिस्टिक आहे, कदाचित बोलू शकणार नाही, घरी कुत्रा एकटा आहे, ह्या नंबरवर फोन करा. तीच चिठ्ठी दाराच्या आतल्या बाजूला, आणि तिथे त्याच्या सगळ्या खुणाही लिहा, म्हणजे जो कुणी येईल त्याने तळहात खाली केला तरी टिपूला कळेल की बसायचंय.