भूऔष्णिक साठा टिकेल का? विहिरीच्या पाण्याला विचारा

भूऔष्णिक साठा, म्हणजे वीजनिर्मितीसाठी वापरलं जाणारं जमिनीखालचं तापलेलं पाणी, थंड व्हायला लागला की त्याची चाहूल थर्मामीटरच्या आधी पाण्यातल्या क्लोराइडला लागते. वाफ काढून उरलेलं, म्हणून जास्त खारट झालेलं पाणी परत जमिनीत सोडलं जातं. ते खडकातून वाट काढत उत्पादन विहिरीकडे येताना वाटेत तापतं, पण त्याचा खारटपणा काही कमी होत नाही. फिलिपिन्समधल्या पालिनपिनॉनला 1983 मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि उत्पादन विहिरींतलं क्लोराइड चढू लागलं. पाणी परत सोडायच्या (रीइंजेक्शन) विहिरी फार जवळ होत्या. पुढे पाणी लांबच्या विहिरींत सोडावं लागलं.

हिशोब सोपा आहे, पण सेपरेटरच्या, म्हणजे वाफ आणि पाणी वेगळं करणाऱ्या टाकीच्या, पाण्यातला आकडा जसाच्या तसा वापरू नका. समजा, विहिरीतून येणाऱ्या पाणी-वाफेची एन्थाल्पी (त्यातली एकूण उष्णता) किलोमागे 1100 किलोज्यूल आहे आणि सेपरेटरचा निरपेक्ष दाब (गेजचा दाब अधिक हवेचा दाब) 7 बार. त्या दाबाला पाण्याची एन्थाल्पी 697 आणि बाष्पीभवनाची उष्णता 2066, म्हणजे वाफेचा वाटा सुमारे 0.195. सेपरेटरच्या पाण्यात क्लोराइड किलोमागे 5340 मिलिग्रॅम असेल तर साठ्यात ते साधारण 4300. मूळ साठ्यात 4000 आणि परत सोडलेल्या पाण्यात 5000 असेल, तर 300 भागिले 1000, म्हणजे जवळपास 30 टक्के पाणी परतलेलं. गेजचा दाबच निरपेक्ष दाब मानला की इथेच गणित चुकतं.

क्लोराइड साठ्यातल्या उकळण्यानेही वाढतं, म्हणून एकट्या क्लोराइडवर निकाल देऊ नये. सोबत पाण्यातल्या सिलिकावरून आणि सोडियम-पोटॅशियमच्या गुणोत्तरावरून अशी साठ्याची दोन्ही तापमानं काढा. सिलिका बदलाला लवकर प्रतिसाद देते, सोडियम-पोटॅशियमचं गुणोत्तर सावकाश. सिलिकाचं तापमान घसरतंय आणि दुसरं जागच्या जागी आहे, तर थंड होणं अलीकडचं आहे.

मात्र ही घसरण खरी आहे का, हे आधी बाटलीत तपासा. साठ्यातल्या पाण्यात किलोमागे 487 मिलिग्रॅम सिलिका असेल तर सिलिकावरून तापमान काढायच्या क्वार्ट्झच्या सूत्राने 250 अंश सेल्सिअस येतात. नमुना विरल न करता ठेवला, तर सिलिकाचे रेणू एकमेकांना जोडले जातात. सिलिका मोजायची मॉलिब्डेट पद्धत फक्त सुटे रेणू मोजते. आकडा 400 वर आला की तापमान 233 दिसतं आणि साठा 17 अंशांनी थंड झाल्याची खोटी ओरड होते. म्हणून विहिरीवरच 10 मिलिलिटर नमुन्यात 90 मिलिलिटर विआयनीकृत पाणी घाला. धातूंसाठीचा नमुना 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून त्यात नायट्रिक आम्ल टाका. क्लोराइडच्या बाटलीत आम्ल नको. वाफेच्या थंड केलेल्या पाण्यातही क्लोराइड मोजा. ते आढळलं तर सेपरेटर वाफेबरोबर पाणी ओढतोय आणि त्या वाफेतून घेतलेला वायूचा नमुना बाद. धन आणि ऋण आयनांच्या एकूण विद्युतभारातली तफावत 5 टक्क्यांच्या बाहेर गेली, तर विश्लेषण पुन्हा करा.

सर्वांत मोलाचे नमुने उत्पादन सुरू होण्याआधीचे, कारण पुढची प्रत्येक तुलना त्यांच्याशीच होते. कोकणातल्या तुरळ, राजवाडी, उन्हवरे इथल्या गरम झऱ्यांवर नमुना घेण्याचा हात बसवता येतो.