समूह चित्रप्रदर्शन खेळत-खेळत कसे पाहावे

ठाण्यात कापूरबावडीच्या ठाणे कला भवनात मुलांना समूह प्रदर्शन पाहायला नेल्यास चित्राखालची पट्टी आधी वाचू नये; प्रत्येकाने चित्राला आपल्या मनाचे नाव द्यावे आणि मगच चित्रकाराने दिलेले शीर्षक पाहावे. मासुंदा तलावाचे जलरंगातले चित्र असेल, तर पाण्यावरची चकाकी अगदी जवळून निरखावी, कारण तिथे बहुधा पांढरा रंग नसून कोरा राखलेला कागदच असतो, आणि ही युक्ती पकडण्यात मुले विलक्षण रमतात. वारली चित्रात तारपा हे लांब फुंकवाद्य वाजवणारा शोधावा. शिल्पाला मात्र पूर्ण प्रदक्षिणा घालावी. त्याची पाठच मला अनेकदा अधिक बोलकी वाटते. हात कशालाही लावू नये. चित्रकार हजर असल्यास ‘हे काय आहे?’ याऐवजी ‘सुरुवात कुठून केलीत?’ असे विचारावे.