कोल्हापुरात कुत्रं-मांजर घेऊन राहायला येताय? चिपचं आधी बघा

बदली, नोकरी, शिक्षण, काही ना काही निमित्तानं बाहेरून कोल्हापुरात येणाऱ्यांबरोबर हल्ली कुत्रं किंवा मांजरही येतं. भाड्याचं घर, गॅस, मुलांची शाळा या गडबडीत त्याच्या ओळखीचं काम मागे पडतं. पण जनावर हरवायचा धोका पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच मोठा असतो. नवं घर अजून आपलं वाटत नसतं, सामान आत घेताना दार उघडं राहतं, आणि बाहेर पडलेल्याला परतीची वाट ठाऊक नसते.

कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप आधीच असेल तर खोकी उघडण्याआधी एक काम करा. चिपचा नंबर ज्या रजिस्ट्रीत, म्हणजे चिप नंबर आणि मालकांच्या यादीत, नोंदवलाय तिथं नवा पत्ता आणि चालू फोन घाला. चिपमध्ये तुमचं नाव, गाव काहीच नसतं, असतो फक्त १५ आकडी नंबर. त्या नंबराला जोडलेला फोन बंद असेल तर चिप असून नसल्यासारखी. अमेरिकेतल्या ५३ प्राणी-निवाऱ्यांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. चिप असूनही ज्यांचे मालक सापडले नाहीत, अशा जनावरांत ३५.४ टक्के वेळा कारण एकच निघालं: नोंदवलेला फोन चुकीचा किंवा बंद. त्यांतल्याच जवळजवळ १० टक्के जनावरांच्या चिपांची नोंद कुठंच नव्हती. म्हणून फोन दोन द्या, एक तुमचा आणि एक गावाबाहेरच्या नातेवाइकाचा. पुराच्या दिवसांत इथं वीज जाते, मोबाइल मरतो, तेव्हा दुसरा नंबर उपयोगी पडतो.

आपल्याकडे सगळ्या देशाची मिळून एकच सक्तीची रजिस्ट्री नाही. चिप विकणाऱ्या कंपन्यांच्या आणि खासगी संस्थांच्या वेगवेगळ्या याद्या आहेत. इथंच गोंधळ होतो. डॉक्टर नंबर लसीकरणाच्या पुस्तिकेत आणि दवाखान्याच्या वहीत लिहितात, आणि मालकाला वाटतं नोंद झाली. दवाखान्याची वही म्हणजे रजिस्ट्री नव्हे. कोणत्या रजिस्ट्रीत, कोणाच्या नावानं, कोणी भरलं, हे स्पष्ट विचारा आणि घरी येऊन तो नंबर स्वतः त्या साइटवर टाकून बघा. ब्रीडरकडून घेतलेल्या पिल्लाला चिप असेल तर नोंद बहुतेक वेळा त्याच्याच नावावर पडून असते. ती बदलून घ्यायची जबाबदारी तुमची.

चिप नवीन बसवायची असेल तर दवाखान्यात थेट जाऊ नका, आधी फोन करा. दोन प्रश्न विचारा: चिप शिल्लक आहे का, आणि रीडर, म्हणजे चिपचा नंबर वाचणारं यंत्र, आहे का. चिप मागणीनुसार मागवावी लागत असेल तर एक फेरी वाचते. रीडर नसेल तर तिथं चिप बसवून घेऊ नका, कारण बसवली ते कळणार कशावरून?

चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १३४.२ किलोहर्ट्‌झवर चालणारी असावी. ही साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड काचेची नळी असते. बारक्या पिल्लांसाठी आणि मांजरांसाठी ८ मिलिमीटरचीही मिळते. आत तारेचं वेटोळं आणि इवलं सर्किट, बॅटरी नाही. रीडरच्या लहरींनी ती क्षणभर जागी होते, नंबर सांगते आणि पुन्हा गप्प. म्हणजे जनावर आत्ता रंकाळ्यावर आहे की शाहूपुरीत, हे चिप कधीच सांगणार नाही. त्यासाठी पट्ट्यावरचा जीपीएस लागतो, आणि तो चार्ज करावा लागतो. जुन्या १२५ किलोहर्ट्‌झच्या चिपा सगळे रीडर वाचत नाहीत. परदेशातून जनावर आणलं असेल तर हे आधीच तपासा.

बसवताना रीडर तीन वेळा फिरला पाहिजे. आधी जनावराच्या अंगावर, कारण आधीची चिप असू शकते, विशेषतः दत्तक घेतलेल्याला. मग पाकिटातल्या चिपवर, नंबर स्टिकरशी जुळतो का ते बघायला. आणि टोचल्यावर पुन्हा अंगावर. सुई लसीच्या सुईपेक्षा बरीच जाड असते, ती बघून घाबरू नका. दोन्ही खांद्यांच्या मधोमध कातडी उचलून तिच्याखाली टोचतात, भूल लागत नाही. नसबंदी ठरलेली असेल तर तेव्हाच बसवून घेणं सोयीचं. लगेच सुई उपसली तर कधीकधी चिप सुईबरोबरच बाहेर येते आणि केसांत अडकून पडते. तिसऱ्यांदा रीडर फिरवायचा तो यासाठीच. पहिले एक-दोन दिवस आंघोळ नको, त्या जागी चोळणं नको, छातीपट्टा नको. काही आठवड्यांत भोवती पेशी धरतात आणि ती जागेवर बसते. पाकिटातली बारकोडची स्टिकरं जपा: एक पुस्तिकेवर, एक तुमच्या कागदांत, आणि एकाचा फोटो मोबाइलमध्ये.

चिप सरकते, हे खरं आहे. खांद्यावर, कधी कोपरापर्यंत येते. म्हणून वर्षातून एकदा, लसीच्या वेळी, ती वाचून घ्यायची सवय लावा. रीडर अंगाला लागून, हळू, नागमोडी फिरवायचा: मानेपासून शेपटीकडे, मग दोन्ही खांदे, छाती आणि पुढचे पाय. लोखंडी साखळी किंवा धातूचा पट्टा आधी काढा. स्टीलच्या टेबलावर किंवा कॉम्प्युटरच्या पडद्याशेजारी रीडर फसतो. आवाज नाही आला तर लगेच ‘चिप नाही’ म्हणू नका, जनावराची बाजू बदलून पुन्हा फिरवा.

आता इथली गोष्ट. हा दुधाचा जिल्हा. म्हशीच्या कानातला १२ आकडी पिवळा बिल्ला इथल्या कुणालाही कळतो, पण कुत्र्याच्या कातडीखाली नंबर असतो हे अनेकांना माहीत नसतं. रीडरही प्रत्येक दवाखान्यात असतोच असं नाही. त्यामुळे चिप आहे म्हणून गळ्यातला पट्टा काढणं हा शहाणपणा नव्हे. पट्ट्यावर मोबाइल नंबर मोठ्या अक्षरांत शिवून घ्या आणि खाली ‘चिप आहे’ असं मराठीत लिहा. लटकता बिल्ला झुडपात अडकून पडतो, शिवलेला नंबर टिकतो. मांजराला ओढ बसताच सुटणारा पट्टा घ्या, नाहीतर फांदीला अडकून फास बसतो. देशी जातीचं कुत्रं असेल तर पट्टा दुप्पट महत्त्वाचा, कारण पट्ट्याविना ते भटकंच समजलं जातं. महापालिकेच्या हद्दीत राहणार असाल तर कुत्र्याच्या परवान्याचीही चौकशी करा, आणि अर्जावर चिप नंबर लिहा.

जनावरं बुजून पळतात ती मुख्यतः आवाजानं. दिवाळी सगळीकडेच असते, पण इथं गणपतीच्या मिरवणुकीतल्या साऊंड सिस्टीमचे हादरे आहेत, आणि पेठेतला संघ फुटबॉलचा सामना जिंकला की वाजणारे फटाके आहेत. त्यांची तारीख तुमच्या कॅलेंडरात सापडणार नाही, शेजाऱ्यांना विचारून ठेवा.

दुसरं म्हणजे पूर. २०१९ आणि २०२१ साली शहरात पाणी शिरलं होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पावसाळ्यात हे आकडे रोज बातम्यांत येतात. सुतारवाडा, दुधाळी, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली अशा सखल भागात घर घेतलं असेल तर ३९ ची वाट न बघता पट्टा, पुस्तिका, चिपचं स्टिकर आणि जनावराचा ताजा फोटो एका प्लॅस्टिक पिशवीत घाला. फोटो तुमच्यासोबतचा असावा, मालकीचा वाद झाला तर चिपच्या नंबराला जोड मिळते.

हरवलंच, तर पहिल्या तासात रजिस्ट्रीत ‘हरवलं’ अशी खूण करा, आणि जवळच्या दवाखान्यांना नंबर कळवा. मग माणसांकडे वळा. पेठेत राहत असाल तर तालीम मंडळाच्या पोरांना सांगा, गल्लीबोळ त्यांना पाठ असतात. भल्या पहाटे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर आणि रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांना फोटो दाखवा. शहराच्या कडेला राहत असाल तर उसाचे फड बघा, तोडणी सुरू असेल तर तोडकऱ्यांच्या खोपटांवर जरूर विचारा. हायवेला लागलेलं कुत्रं कुणी गाडीत घेतलं तर ते सांगलीला किंवा निपाणीलाही पोचू शकतं, म्हणून तिथल्या दवाखान्यांनाही फोन करा.

पुढं परदेशी जायचा विचार असेल तर चिप आज बसवा, रेबीजची लस नंतर. युरोपीय महासंघाच्या नियमांत चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत. भारतातून जाताना लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासावं लागतं, प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरमागे ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) तरी यावं लागतं, आणि रक्त घेतल्यापासून ३ महिने थांबावं लागतं. चिप उशिरा बसवली की लस पुन्हा, रक्त पुन्हा, ३ महिनेही पुन्हा.