सहा इंचातला स्पायडरमॅन आणि त्याचे सहा दुश्मन: ॲक्शन फिगर्स जमवायला सुरुवात कशी करायची

ॲक्शन फिगर्स, म्हणजे हातपाय वळवता येतात अशा कॉमिक-सिनेमातल्या पात्रांच्या बाहुल्या, जमवायच्या म्हटलं की बहुतेकांची सुरुवात सारखीच होते, बॅटमॅन दिसला घेतला, सेलमध्ये आयर्नमॅन मिळाला घेतला, मामाने परदेशातून येताना हल्क आणला, आणि दोन वर्षांनी कपाट उघडून बघितलं तर वीस जण दाटीवाटीने उभे आणि कुणाचा कुणाशी संबंध नाही, एक बोटाएवढा तर दुसरा वरच्या फळीला टेकलेला. माझ्याकडे असंच झालं होतं. शेवटी अर्ध्याहून जास्त फिगर्स विकून टाकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, म्हणून नवीन माणसाला मी एकच सांगतो, आधी हिरो ठरवू नका, भांडण ठरवा. कुणाचं कुणाशी वैर तुम्हाला मनापासून आवडतं ते बघा आणि तेवढंच जमवा.

मी स्पायडरमॅन आणि सिनिस्टर सिक्स, म्हणजे त्याच्या सहा दुश्मनांची टोळी, घेतले. १९६४ साली अमेझिंग स्पायडरमॅन या कॉमिकचा पहिला ॲन्युअल, म्हणजे वार्षिक अंक, आला, त्यात डॉक्टर ऑक्टोपसने व्हल्चर, इलेक्ट्रो, क्रेवन, मिस्टेरिओ आणि सँडमॅन यांना एकत्र आणलं. चित्रकार स्टीव्ह डिटकोने त्यात प्रत्येकाशी होणाऱ्या मारामारीला एक आख्खं पान दिलंय, आणि ती पानं बघितली की कळतं हे सहा जण शेल्फवर इतके का शोभतात, एकाचे हिरवे पंख, एकाच्या डोक्यावर काचेचा गोळा आणि जांभळा केप, एकाच्या तोंडाभोवती पिवळी चांदणी, एकाच्या अंगावर सिंहाच्या आयाळीचं जाकीट. लांबून नुसती आकृती बघून ओळखू येतात. जोकर, पेंग्विन, टू-फेस यांचंही तसंच आहे, तुम्हाला बॅटमॅन आवडत असेल तर त्यांच्यापासून सुरू करा.

आणि हो, व्हिलन आधी घ्या. कंपन्या हिरोचे वीस अवतार काढतात, काळा सूट, लाल सूट, सिनेमातला, कॉमिकमधला, जुन्या कार्डवरचा, तो कधीही मिळतो. व्हिलन मात्र एकदा येतो आणि पुन्हा यायला कधी कधी पाच-सात वर्षं लागतात, तोवर त्याची किंमत दुप्पट-तिप्पट झालेली असते. त्यातही मोठ्या अंगाचे व्हिलन बरेचदा बिल्ड-अ-फिगर म्हणून येतात, म्हणजे एका वेव्हमधल्या (एकाच वेळी बाजारात येणाऱ्या संचातल्या) प्रत्येक फिगरच्या बॉक्समध्ये एकेक हात, पाय, धड असतं आणि सगळ्या घेतल्या की तो पूर्ण होतो. मार्व्हल लेजेंड्स या मार्व्हलच्या पात्रांच्या सहा इंची लाइनमध्ये सँडमॅन आणि स्पायडरमॅनचा आणखी एक दुश्मन लिझार्ड, दोघं असेच आले. यासाठी अख्खी वेव्ह घेऊ नका, सुटे पार्ट विकणारे लोक असतात, कुणाला फक्त फिगर हवी असते तो आतला पाय विकतो, थोडं थांबलं की तुकडे जुळतात.

आता साइझ. आपल्याकडे ज्यांनी लहानपणी फनस्कूलचे जी.आय. जो खेळलेत त्यांच्या हाताला जो साइझ माहितीये तो ३.७५ इंच, म्हणजे १/१८ स्केल, खऱ्या माणसाच्या अठराव्या हिश्श्याएवढा. सहा इंचवाला म्हणजे १/१२, मार्व्हल लेजेंड्स, जपानचे एस.एच. फिगुआर्ट्स आणि माफेक्स साधारण यातच बसतात. मॅकफार्लेन कंपनीने २०२० पासून काढलेले डीसीचे, म्हणजे बॅटमॅनच्या दुनियेतले, फिगर्स सात इंचांचे, त्यांच्याशेजारी सहा इंचवाला धाकट्या भावासारखा दिसतो, म्हणून मार्व्हल आणि डीसी एकाच फळीवर लावायचे असतील तर आधीच विचार करा. बारा इंच म्हणजे १/६, हाँगकाँगची हॉट टॉइज कंपनी यासाठी प्रसिद्ध आहे, खऱ्या कापडाचे कपडे असतात आणि चेहऱ्यावर बघत राहावं असं काम असतं, पण एकाची किंमत बघितली तर सहा इंचवाल्या दहा-बारा फिगर्स त्यात येतात. एक स्केल निवडा आणि त्याला चिकटून राहा. मी सहा इंच निवडलं कारण माझी खोली लहान आहे, चार फुटांची एक फळी आहे, आणि या साइझमध्ये दुर्मिळ व्हिलन सगळ्यात जास्त मिळतात. टॉय बिझ कंपनीने २००२ मध्ये मार्व्हल लेजेंड्स सुरू केली, २००७ पासून हॅस्ब्रो काढतेय, त्यामुळे वीस वर्षांहून जास्त माल बाजारात फिरतोय.

स्टॅच्यूचं, म्हणजे एकाच पोझमधल्या न हलणाऱ्या पुतळ्याचं, गणित वेगळं आहे. तो बहुतेक वेळा पॉलिस्टोनचा असतो, म्हणजे रेझिनमध्ये दगडाची पूड, त्यामुळे हाताला थंड आणि जड लागतो आणि पडला की फुटतो, वाकत वगैरे नाही. १/४ स्केलचा एखादा स्टॅच्यू आठ-दहा किलोचा सहज असतो, तो साध्या प्लायवूडच्या लांब फळीवर ठेवू नका, मधोमध आधार लागतोच. मनगट, केपचं टोक, बोटं इथे तो आधी तुटतो. तुटलाच तर सुपरग्लू लावू नका, त्याच्या वाफेने आजूबाजूच्या रंगावर पांढरी साय येते, दोन ट्यूब मिसळायचा एपॉक्सी घ्या, टूथपिकने अगदी थोडा लावा आणि रात्रभर सेलोटेपने धरून ठेवा. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं स्टॅच्यू घेऊच नका. फिगर हातात घेऊन पोझ बदलता बदलता तुम्हाला समजतं की कुठलं पात्र खरंच आवडतं, मग त्याचा एक स्टॅच्यू घ्या, जागा कमी असेल तर १/१० वाला.

खरेदीबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथे पैसे जातात. मी एकदा व्हेनम घेतला होता, फोटो ओरिजिनल बॉक्सचे, किंमत बाराशे, विकणारा म्हणाला पीस सीलबंद आहे. बॉक्स उघडल्या उघडल्या रॉकेलसारखा वास आला. फिगर हातात घेतली तर एक डोळा गालापर्यंत ओघळलेला, दातांचा पांढरा रंग जिभेवर गेलेला, आणि पाय उलटा करून बघितला तर तळवा कोरा. ओरिजिनलवर तळव्याला किंवा मांडीच्या मागे कंपनीचं नाव आणि कॉपीराइटची बारीक अक्षरं कोरलेली असतात, ती नसली की समजून जायचं. बॉक्सवरच्या नावात स्पेलिंग चुकलंय का, रंग फिका आहे का, गुडघा धरून हलवला तर लटकतो का, हेही बघा. आणि किंमत तर सगळ्यात आधी बघा, जी फिगर अमेरिकेतच साधारण २५ डॉलरला मिळते ती इथे बाराशेला सीलबंद कशी मिळेल हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता. आता मी कुणाकडूनही सेकंडहँड घ्यायचं तर सांगतो की आजची तारीख आणि माझं नाव चिठ्ठीवर लिहा, ती फिगरच्या पायाशी ठेवा आणि फोटो पाठवा, तळव्याचा पण, पाठीचा पण. खरा कलेक्टर लगेच पाठवतो. जो टाळतो त्याला सोडून द्या.

बाहेरून मागवायचं असेल तर कस्टमचा हिशोब आधी करा. खेळण्यांवरची ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० झाली, दर बदलत राहतात म्हणून ऑर्डर टाकायच्या दिवशी चालू दर बघा. ड्यूटी नुसत्या फिगरच्या किमतीवर नसते, शिपिंगचे पैसेही त्यात धरतात आणि वर जीएसटी वेगळा, म्हणजे २५ डॉलरच्या फिगरला २० डॉलर शिपिंग लागलं तर आकडा ४५ पासून सुरू होतो. गिफ्ट म्हणून पाठवायला सांगू का असं बरेच जण विचारतात, नका सांगू, ती सवलत २०१९ च्या डिसेंबरमध्येच बंद झाली. नात्यातलं कुणी येणार असेल तर त्यांच्या बॅगेत दोन लहान बॉक्स मावतात, पण त्यांना आधी विचारा आणि बॉक्सचं माप सांगा, काकूंच्या बॅगेत ऐनवेळी स्टॅच्यू कोंबायला लावू नका.

फिगर घरी आली, आता उघडताना घाई नको. नवीन फिगरचा एखादा जॉइंट रंगाने चिकटलेला असतो, जोर लावला की आतली खुंटी तुटते. माझ्या व्हल्चरचं डावं कोपर असंच अडकलं होतं. पातेल्यात चहासाठी ठेवतो तसं पाणी तापवलं, बुडबुडे यायच्या आत गॅस बंद केला, फिगरचा हात तेवढा अर्धा मिनिट बुडवला, मग फडक्यात धरून आधी पुढे-मागे अगदी थोडं, नखाएवढं हलवत राहिलो, चौथ्या-पाचव्या वेळेला आतून बारीक कट आवाज आला आणि कोपर मोकळं झालं. हाच उपाय वाकड्या झालेल्या वस्तूंना पण चालतो, डॉक्टर ऑक्टोपसचे टेंटॅकल्स, म्हणजे पाठीवरचे लांब यांत्रिक हात, बॉक्समध्ये दाबून वाकडेतिकडे होतात, गरम पाण्यात मऊ करायचे, हवा तसा आकार द्यायचा आणि तसंच धरून बर्फाच्या पाण्यात घालायचं, आकार बसतो. बॅटरी किंवा कापडाचे कपडे असतील तर मात्र पाणी लांब ठेवा.

आपल्या हवेत खरी परीक्षा मे ते सप्टेंबर. मे महिन्यात पीव्हीसी, म्हणजे फिगरचं प्लास्टिक, मऊ होतं आणि एका पायावर उभी असलेली फिगर घोट्यातून हळूहळू वाकते, सकाळी सरळ दिसते आणि महिन्याभराने शेजाऱ्याच्या अंगावर रेललेली असते, म्हणून उन्हाळ्यात सगळ्यांचे दोन्ही पाय जमिनीवर ठेवा किंवा कमरेला पारदर्शक स्टँड लावा. पावसाळ्यात कोकणपट्टीत, म्हणजे मुंबई-ठाण्यापासून खाली गोव्यापर्यंत, बंद काचेच्या कपाटात दमटपणा कोंडतो. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं ते वर्षांनी बाहेर येतं आणि फिगर चिकट लागते. घाबरायचं कारण नाही, कोमट पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण दोन थेंब, मऊ ब्रशने धुवा, पंख्याखाली पूर्ण वाळवा. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर यातलं काहीही लावू नका, रंग निघतो. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आठवड्यातून एकदा दार तासभर उघडं ठेवा. डांबराच्या गोळ्या मात्र अजिबात नको, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक खराब होतं. १/६ फिगरला नकली लेदरचं जाकीट असेल तर दमट हवेत काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात, ते पूर्ण थांबवता येत नाही, अशी फिगर घ्यायची तर हे धरूनच घ्या. आणि लाइटवाले डोळे-छाती असलेल्या फिगर्समधले बटण सेल दाखवून झाले की काढून ठेवा, नाहीतर ते आतच गळतात.

खिडकीचं ऊन थेट पडेल तिथे फळी लावू नका, पांढरा रंग पिवळा पडतो आणि लाल फिका होतो, इलेक्ट्रोचा हिरवा पण. धूळ झाडायला मेकअपचा नवा मऊ ब्रश बेस्ट. दिवाळीच्या साफसफाईला घरात आधीच सांगून ठेवा की या फळीला ओलं फडकं लावायचं नाही, आमच्याकडे आई आता त्या दिवशी मला हाक मारते आणि आम्ही दोघं मिळून एकेक खाली काढतो, तिला मिस्टेरिओ आवडतो, त्याचा गोळा ती स्वतः पुसते.

बॉक्स ठेवायचे की नाही यावर माझं साधं उत्तर, स्टॅच्यूचा बॉक्स आतल्या थर्माकोलसकट कायम ठेवा, त्याच्याशिवाय घर बदलताना तो हलवताच येत नाही. फिगर्सचे बॉक्स जागा असेल तरच, आणि माळ्यावर ठेवले तर प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात, कारण पुठ्ठ्याला कसर आणि ओल लागते. फिगर मुळात न उघडताच कार्डवर, म्हणजे पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर, ठेवायची असेल तर त्याला मिंट ऑन कार्ड म्हणतात, किंमत त्याला जास्त येते. मी सगळ्या उघडतो.

मांडणी करताना मागची ओळ उंच करा, जुन्या वह्यांचे गठ्ठे काळ्या कागदात गुंडाळले तरी चालतात. व्हल्चर फ्लाइट स्टँडवर सगळ्यात वर, मिस्टेरिओ केप पसरून मागे, ऑक्टोपस मधोमध, त्याचे मागचे दोन टेंटॅकल जमिनीला टेकवले की तो कधीच पडत नाही. स्पायडरमॅन पुढे खाली, एक गुडघा वाकवून, एक हात जमिनीवर. पोझ देताना आधी कंबर वळवा मग पाय मग हात, आणि शेवटी मान, नजर समोरच्याच्या डोळ्यात गेली पाहिजे, ती एक गोष्ट जमली की फळीवरची फिगर उभी न राहता लढायला लागते.

माझ्याकडे सध्या पाच जण आहेत. क्रेवन बाकी आहे, मागच्या महिन्यात एक दाखवला होता पण त्याचा गुडघा सैल होता आणि तळव्याचा फोटो यायला चार दिवस लागले, म्हणून नाही घेतला. इलेक्ट्रोच्या डावीकडे त्याची जागा मोकळी ठेवलीय.